‘चोरबोल्ट’ म्हणावे का?

कुंडईचा_लेथवाला
मंडळी, एक अडचण आहे. होडीच्या आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लावायच्या, इंजिनांसाठी आमच्या वर्कशॉपात चोराला दाद न देणारा नट-बोल्टचा संच करतोय. वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीवरून इंजिन उचलायला चोराला एक पाना पुरतो. लहान इंजिनाला तर पानाही नको, मागच्या फळीवर दाबून बसवणारे दोन स्क्रू हातानेच फिरतात. आमचा नट असा: खाली शंकूसारखा गुळगुळीत भाग, त्यावर बारीक मान, मानेवर नेहमीचं षटकोनी डोकं. पान्याने आवळत जायचं, ठरावीक जोर आला की मान तुटून डोकं हातात येतं आणि मागे शंकू राहतो. त्यावर पाना बसत नाही, पकड घसरते.

याचं माहितीपत्रक मराठीत हवंय. लेथवरची पोरं या सगळ्याच प्रकाराला ‘चोरबोल्ट’ म्हणतात, मीही तेच छापायला दिलं. ज्या मच्छीमार सोसायटीसाठी हे चाललंय तिचे सेक्रेटरी म्हणतात, शब्द बदला. चोरबाजार म्हणजे चोरांचा बाजार, तसा चोरबोल्ट म्हणजे चोरांचा बोल्ट, लोक हसतील. मला हे पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

केरी_सत्तरी
सेक्रेटरींना विचारा, चोरखिसा कोणाचा असतो? माझ्या आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा होता. काजूच्या मोसमातले पैसे त्यात. तो काही चोराच्या सोयीसाठी शिवला नव्हता! चोरकप्पा, चोरदरवाजा, चोरवाट, सगळे तसेच. आणि पोटुशी बाईला कोणाला न सांगता गुपचूप चोळी देतात, ती चोरचोळी. मग चोरओटी. यात चोर कुठे आला? बिनधास्त छापा.

तत्सम
ताई, उदाहरणं तुमची चोख आहेत, पण ती तुमच्याच विरुद्ध जातात. या सगळ्या शब्दांत ‘चोर’ म्हणजे लपवलेला, गुपचूप. भाऊंचा बोल्ट कुठे लपलाय? तो तर चारचौघांत छाती काढून उभा आहे. उलट, चोराने तो पाहावा आणि पुढच्या होडीकडे जावं, हीच त्याची अर्धी कामगिरी. तेव्हा सेक्रेटरींचा अर्थही चूक आणि तुमचाही. छापील पत्रकात ‘चौर्यरोधक कीलक’ लिहावं. खिळा हा शब्द कीलकावरूनच आलेला, म्हणजे परका मुळीच नाही.

शापोरकार
चौर्यरोधक कीलक! भटाक आपोवन इंजिनाचेर मंत्रूच म्हणूंक जाय.

तत्सम बाब, राग मानू नका. पण ते पत्रक माझा भाऊ वाचणार, तोही होडीत उभा राहून. त्याला खिळा वाटला तर तो हातोडा घेऊन येईल.

आणि लेथवाले बाब, तुमच्या शब्दापेक्षा तुमच्या नटाचीच मला जास्त काळजी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पाऊस लागायच्या आधी आम्ही इंजिन उतरवून घरी नेतो. मान तुटलेला नट मग काढणार कोण? चोराला निघत नाही तो मालकाला कसा निघेल?

कुंडईचा_लेथवाला
रास्त प्रश्न. तोडमानीचा नट फक्त कायमच्या जागी: जेटीवरचा सोलर दिवा, पंपाचा पाया, मोठ्या इंजिनाचे फळीतून आरपार जाणारे बोल्ट. विजेच्या उच्चदाब टॉवरलासुद्धा खालच्या भागात चोरीविरोधी बोल्ट असतात, वर साधे. उतरवायच्या इंजिनाला दुसरा प्रकार: नटाच्या डोक्यावर वेडीवाकडी खाच, आणि फक्त त्या खाचेत बसणारी चावी मालकाकडे. गाडीच्या अलॉय व्हीलला असतो तसाच.

तत्सम
चावी नव्हे, किल्ली. चावी पोर्तुगीज.

म्हापशेचा_मेस्त
पोर्तुगीज तर पोर्तुगीज. शावे, तीच आमची चावी. सेबाश्तियांव रोदोल्फु दाल्गाद या आसगावच्या पाद्रींनी आशियातल्या भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोशच १९१३ साली काढला. चावी, बालदी, घमेलं, पगार, सगळे पोर्तुगीज. हे वगळून मराठी माणसाने महिनाभर घर चालवून दाखवावं. पहिल्या तारखेलाच अडकेल.

माझे वडील मेस्त. हा मेस्तही पोर्तुगीज ‘मॅश्त्र’वरून आला आणि पुण्या-मुंबईचा मिस्त्रीही त्याच घरातला. आमच्या घरात स्क्रूला पारफूस म्हणायचे. मुंबईहून आलेल्या एका सुताराने पारफूस म्हणजे फुसका फटाका समजून दिवाळीची मस्करी सुरू केली, तेव्हापासून वडील त्याच्याशी बोलले नाहीत. नटाला पोर्तुगीजमध्ये ‘पोर्क’ म्हणतात, म्हणजे डुकरीण! का ते विचारू नका. सेक्रेटरींना म्हणावं, तुम्ही चोराला घाबरता, आमच्याकडे तर डुकरीण आवळायचे.

काळीनदी
कारवारच्या बाजूने एक भर. कानडीत किल्लीला ‘कीलिकै’ म्हणतात, म्हणजे कीलाचा हात. आमच्याकडे किल्ली नि कीली शेजारी-शेजारी नांदतात. तेव्हा तत्समराव, तुमची किल्ली आणि तुमचा कीलक एकाच गोत्रातले दिसतात, हे तुमच्या बाजूने. पण ‘कुलूप’ मात्र तुमच्या हातून गेलं. ते अरबी ‘कुफ्ल’, अक्षरांची उलटापालट होऊन आलेलं. शुद्ध हवं तर टाळं लावा.

तत्सम
टाळंच लावतो. तालक, तालं, टाळं. मला अरबी-फारसीचं वावडं नाही, शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तेव्हापासून हा वाद चालत आलाय आणि त्यात दोन्ही बाजूंनी भाषेला काही ना काही मिळालं. माझं म्हणणं एवढंच, की नवी वस्तू आली की तिला आपला शब्द देण्याची पहिली संधी तरी घ्यावी. स्क्रूला आपला शब्द होता. मळसूत्र. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आहे. तो आपण मरू दिला, आणि आता पारफूस की स्क्रू यावर भांडतोय.

पुण्यात_पेडणेकर
मळसूत्र मेलं, पण त्याचे आटे जिवंत आहेत! चाकणपासून कुंडईपर्यंत कुठल्याही कारखान्यात जा, ‘थ्रेड घासले’ म्हणणारा साहेब आणि ‘आटे गेले’ म्हणणारा कामगार. डोक्याचे आटे ढिले असतात, ते याच आट्यांपैकी.

धंद्याने मी फास्टनरवाला, म्हणून लेथवाल्या भाऊंना शब्दाच्या आधी एक विचारतो. धातू कोणता? समुद्रावर स्टेनलेस लागणार, तेही नेहमीचं ३०४ नव्हे, खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं ३१६. पण हे स्टेनलेस तापवून-विझवून कडक करता येत नाही. बॅटरीवरचा ग्राइंडर ते आरामात कापतो. कडक पोलाद ग्राइंडरला जरा जास्त वेळ झुंजवतं, पण खाऱ्या वाऱ्यात गंजतं. गंज आणि चोर, दोघांनाही दाराबाहेर ठेवणारा धातू आपल्या बजेटात नाही. शिवाय इंजिनाचं ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं. स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. मध्ये प्लास्टिकची नळी घाला.

दुसरं. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांत घट्ट रुततात आणि नट अर्ध्यावर जाम होतो. म्हणून ग्रीस लागतंच. पण ग्रीस लावलं की तेवढ्याच पिळाला बोल्टवर ताण जास्त येतो. म्हणजे मान ठरल्या जोराला तुटेल, पण तोवर खालची लाकडी फळी चेपलेली असेल. मानेची जाडी कोरड्या आट्यांवर ठरवली असेल तर पुन्हा बघा. पत्रकात ‘आवळण्यापूर्वी ग्रीस लावा, दुसरं काही नको’ हे वाक्य चोरबोल्ट या शब्दापेक्षा महत्त्वाचं.

तत्सम
टॉर्कला ‘पीळ’! वा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. हेच तर म्हणतोय मी, शब्द असतात, आपण विचारत नाही.

कुंडईचा_लेथवाला
पेडणेकर भाऊ, मान ग्रीस लावूनच ठरवली आहे. नळीचं लक्षात ठेवतो, आभार. ग्राइंडरपुढे कोणाचं काही चालत नाही हे मान्य, पण ग्राइंडर रात्री वाड्यावर ओरडतो, पाना ओरडत नाही. कुत्रे उठले तरी पुष्कळ झालं. खाचेच्या बाबतीत मात्र आम्ही पिन असलेला सहापाकळी सॉकेट घेतला नाही. तो प्रकार मूळचा १९६७चा, मध्ये पिन नंतर आली, आणि त्याचे बिट आता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही मिळतील. सगळ्यांकडे असलेली चावी ती कसली चावी.

तत्सम
किल्ली.

केरी_सत्तरी
पहिल्या नटाला नाव सापडलं मला! मान मोडते ना त्याची? मानमोडी. ‘मानमोडी बोल्ट’. ठसकेबाज आहे, आणि चोरही दचकेल.

म्हापशेचा_मेस्त
बाय, असलं नाव नको गो. १९१८ची तापाची साथ आली, तिला मराठीत मानमोडी म्हणत. माझी आजी तो शब्द उच्चारला तरी देवासमोर हात जोडायची. होडीवर कोण लावून घेईल मानमोडी? दर्यावर जाणारा माणूस शब्दाला भितो.

शापोरकार
खरें तें. आमगेर होडयेर बसतकच कांय नांवां घेनात. मानमोडी तर नाकाच.

काळीनदी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? ‘चोर’ पुढे लागलेले शब्द मी मनात मोजत होतो. चोरबाजार, चोरटोळी यांत चोर हा कर्ता आहे. चोरखिसा, चोरवाट यांत चोर म्हणजे गुप्त. पण ‘चोरासाठी, चोराच्या विरोधात’ असा अर्थ असलेला रुळलेला शब्द? ‘चोरघंटा’ म्हणताना ऐकलंय, बँकेत चोर आला की वाजते ती. पावसासाठी छत्री असते ती पावसाच्या बाजूची नसते, तरी आपण ‘पावसाळी छत्री’ म्हणतोच. समासाचा विग्रह करणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. लेथवरच्या पोरांनी तिसरा अर्थ तयार केला असेल तर तो चालू द्यावा.

तत्सम
विग्रह करणारा वेगळा म्हणून तर कोर्टात वकिलांचं चालतं. उद्या नट काढताना फळी फुटली आणि तक्रार झाली, तर पत्रकात नेमका शब्द हवा की नको?

पुण्यात_पेडणेकर
तक्रार मुळात ‘नट’ की ‘बोल्ट’ यावरच अडेल. भाऊ ज्याला चोरबोल्ट म्हणतायत तो दोन्ही ठिकाणी नट आहे. मान नटाची तुटते, खाच नटावर आहे. बोल्ट बिचारा साधाच.

कुंडईचा_लेथवाला
हेच आता सेक्रेटरीही म्हणाले! ‘चोर’वरची हरकत त्यांनी केरीच्या ताईंचं चोरखिशाचं उदाहरण ऐकून मागे घेतली. पण म्हणतात, नट आहे तर ‘चोरनट’ लिहा.

केरी_सत्तरी
चोरनट! म्हणजे जत्रेच्या नाटकात चोराचं काम करणारा?

म्हापशेचा_मेस्त
की पैसे घेऊन पळालेला? आमच्या गावी काल्याच्या नाटकात असा एक खरोखर झाला. पहिला अंक संपला, पडदा पडला, वर गेला तेव्हा नायक नाही आणि वर्गणीची पेटीही नाही. दुसरा अंक प्रॉम्प्टरनेच धोतर नेसून पुरा केला. संवाद त्याला पाठ होते, उभं कुठे राहायचं तेवढं माहीत नव्हतं.

शापोरकार
खंयचें नाटक? आमगेर बी असोच एक जाल्लो.

तत्सम
नाटक कोणतं ते सांगा. संगीत होतं का? संगीत असेल तर प्रॉम्प्टरने पदं कशी म्हटली?

म्हापशेचा_मेस्त
पदं पेटीवाल्याने म्हटली. वर्गणीची पेटी गेली होती, बाजाची होती.

पुण्यात_पेडणेकर
लेथवाले भाऊ, वॉशरला काय लिहिताय पत्रकात? आमच्याकडे सगळे ‘वायसर’ म्हणतात.