ऑइल फिल्टर: धुऊन वापरायचा स्टीलचा की कागदाचा? (लवकर सांगा)

देवरुखी (बुधवार, सायं. ५:४२)
नमस्कार मंडळी, थेट विचारतो. ऑइल फिल्टर स्टीलच्या जाळीचा, म्हणजे धुऊन परत लावायचा, तो बरा की नेहमीचा कागदाचा? स्टीलचा ऑनलाइन मागवला होता, १९०० ला पडला, आज आला. मेकॅनिक म्हणतो टाकू नको. का, तर म्हणे नको म्हणजे नको. यूट्यूबवर एक जण म्हणतो जन्मभर चालतो. उद्या सकाळी ६ ला निघायचंय. हो की नाही एवढंच सांगा, निबंध नको.

नटबोल्ट (५:५१)
गाडी कोणती?

पांढरा धूर (५:५३)
गाडी सांगा हो. ट्रॅक्टर आहे का विमान? (हलके घ्या.)

स्पोकवाले (५:५८)
मी ६ वर्षं धुवायचाच वापरतोय. बेस्ट. शाम्पूच्या पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, वरून त्याचं ते लाल तेल हलक्या हाताने मारायचं. पिकअपमध्ये जाणवण्याइतका फरक पडतो.

नटबोल्ट (६:०१)
स्पोकवाले, तो एअर फिल्टर. इथे ऑइल फिल्टरचं चाललंय.

स्पोकवाले (६:०३)
मला ठाऊक आहे. मी म्हणतोय १९०० घालवायचेच होते तर आधी एअर फिल्टर घ्यायचा.

देवरुखी (६:०५)
बुलेट आहे हो. बुलेटच असणार ना, अजून कशाला एवढा विचार करतोय.

जुनी किक (६:१४)
बुलेट म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या १९८४ च्या गाडीला फेल्टचा फिल्टर होता, गोधडीच्या तुकड्यासारखा जाड. काढायचा, पेट्रोलमध्ये खळखळून पिळायचा, परत आत. कागद नाही, जाळी नाही आणि १९०० रुपये तर नाहीच नाही (तेव्हा तेवढा पगार नव्हता). त्या गाडीवर सौ. आणि दोन मुलं घेऊन पंढरपूर केलंय. धुऊन वापरणं ही काही आजची फॅशन नव्हे. बिनधास्त लावा.

नटबोल्ट (६:२०)
काका, तुमच्या गाडीला दंडवत, पण ती कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाची. तिचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असायचं आणि फिरण्याची पद्धतच निराळी होती. तिचा नियम आताच्या गाडीला नाही लागू होत.
@देवरुखी, हल्ली रॉयल एनफिल्डच्या कुठल्याही गाडीला बुलेटच म्हणतात. जुनं कास्ट आयर्न, त्यानंतरचं यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र) की २०२० नंतरचं जे सिरीज इंजिन? ६५० ट्विन (दोन सिलिंडरची) असेल तर तिचा फिल्टर बाहेरून डब्यासारखा फिरवून बसतो, मग तुमचा स्टीलचा एलिमेंट (आत बसवायची गाळणी) तिला चालणारच नाही.

देवरुखी (६:२४)
क्लासिक ३५०, २०१६ चं मॉडेल. यूसीईच. आणि हो, ऑइल काढून झालंय, फिल्टरचं कव्हर उघडं आहे, गाडी अंगणात उभी आहे. म्हणून घाई.

पांढरा धूर (६:२५)
हे आधी नाही का सांगायचं!!

मायक्रॉनमास्तर (६:३८)
माझं नोकरीचं आयुष्य गाळण्या बघण्यात गेलं (मोटारसायकलच्या नव्हे, हायड्रॉलिकच्या), म्हणून थोडं लांबवतो. निबंध नको म्हणालात, तरी.

स्टीलच्या चांगल्या जाळीची भोकं साधारण ३५ मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे त्याहून मोठा गोल कण अडतो आणि लहान आरामात जातो. कागदाला अशी ठरावीक भोकं नसतात. तंतूंचं जंगल असतं ते. १५ मायक्रॉनचा कणही त्यात कुठेतरी अडकतो, सगळे नाही पण बरेच. बेअरिंगची झीज करणारे कण बहुधा या बारीक गटातलेच, डोळ्याला न दिसणारे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल.

स्टीलचा फायदाही खरा आहे. ऑइल त्यातून सहज जातं. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, म्हणजे इंजिन कोरडं पडण्यापेक्षा मळकं बरं असा हिशेब. जाळीत ही वेळ कमी येते. पण कोकणात थंडी ती किती!

रानगाडा (६:४७)
मास्तर, कागदावरचा हिशेब कागदालाच धार्जिणा. (कोटी आपोआप झाली.) मी डर्ट बाइकला स्टीलचाच लावतो. तिथे ऑइल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात. दर दोन-तीन रविवारी ऑइल बदलायचं तर कागदाचे फिल्टर घेत बसू का? आणि मुख्य म्हणजे जाळी काढली की आत काय अडकलंय ते लगेच दिसतं. एकदा चकाकणारा चुरा दिसला, क्लच उघडला, इंजिन वाचलं.

मायक्रॉनमास्तर (६:५२)
तुम्ही दर १५-२० तासांनी ऑइल बदलता म्हणूनच ३५ मायक्रॉन खपतं. बारीक कण ऑइलबरोबरच बाहेर जातात. हे गृहस्थ ५००० किलोमीटर तेच ऑइल फिरवणार. आणि चुरा बघायला कागदही चालतो. ब्लेडने कापायचा, घड्या उजेडात उलगडायच्या. लोहचुंबक फिरवला तर लोखंड कळतं, ॲल्युमिनियम आणि पितळ त्याला चिकटत नाही, ते डोळ्यांनीच शोधायचं.

रानगाडा (६:५५)
कोण कापत बसतं हो? मनापासून सांगा, शेवटचा कधी कापलात?

मायक्रॉनमास्तर (६:५६)
गेल्या महिन्यात.

हिरो_नंबर_१ (७:०२)
माझ्या स्प्लेंडरला फिल्टरच नाहीये, लाखावर किमी झालेत. उगाच पैसे घालवू नका.

नटबोल्ट (७:०६)
फिल्टर नाही कसा, कागदाचा नाही एवढंच. तुमच्या गाडीत क्लचच्या बाजूला फिरणारी वाटी असते. ती फिरण्याच्या वेगाने जड घाण कडेला फेकून चिकटवते. खाली जाळीची गाळणी वेगळी. दोन्ही धुवायच्याच असतात, धुतात का विचारा तुमच्या मेकॅनिकला.

हिरो_नंबर_१ (७:०८)
विचारलं. म्हणाला कसली वाटी.

ऑइलवेडा (७:१५)
फिल्टर गौण आहे. ऑइल कुठलं टाकताय ते महत्त्वाचं. फुल्ली सिंथेटिक १५डब्ल्यू५० ग्रेडचं टाका, फिल्टर कुठलाही चालेल. माझा एक मित्र कारचं ऑइल टाकतो, स्वस्त पडतं.

नटबोल्ट (७:१९)
मित्राला सांगा क्लच सांभाळ. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्यं असतात, प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का) बघायचं, मग सिंथेटिक की सेमी यावर भांडायचं. ते भांडण वेगळा धागा काढून.

देवरुखी (७:२३)
अहो पण माझं काय?? ऑइल कंपनीचंच आणलंय. मी एक हिशेब केला, चुकत असेन तर सांगा. कागदाचा फिल्टर मला १४० ला मिळतो. १९०० भागिले १४० म्हणजे साडेतेरा. म्हणजे चौदाव्या वेळेपासून फायदा. ५००० ला एक धरला तरी ७०,००० किमी.

गिअरवाली ताई (७:३१)
हिशेबात ओ-रिंग (रबराची कडी) विसरलास दादा. कव्हरची ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी घालायची असते, जुनी चपटी झालेली असते. आणि ती मिळते कुठे? कागदी फिल्टरच्याच पाकिटात! आमच्याकडे सुटी कधी मिळाली नाही. म्हणजे स्टीलचा लावलास तरी कागदाचा विकत घेणारच, मग चौदा काय आणि चाळीस काय. मीही हाच शहाणपणा करून बसले होते, म्हणून सांगतेय. तीन सर्व्हिसनंतर कपाटात न वापरलेले तीन कागदी फिल्टर जमले.

देवरुखी (७:३४)
हे कुणीच सांगितलं नव्हतं. पण पर्यावरणाचं तरी बघा, कचरा कमी ना.

गिअरवाली ताई (७:३८)
जाळी धुतलेलं रॉकेल किंवा डिझेल कुठे ओततोस ते सांग आधी. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यातच येतं, आणि जाळी धुतलेल्या रॉकेलात तेच असतं. आमच्या गावात तर अजून गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल चोपडतात.

जुनी किक (७:४१)
चोपडायलाच हवं. आमच्या पडवीचे वासे ४० वर्षं तसेच आहेत.

नटबोल्ट (७:४५)
परत मुद्द्यावर. @देवरुखी, सोपा उपाय आहे. आज दुकान बंद असेल तर जुनाच कागदी फिल्टर परत लाव. किती चाललाय? तीन-चार हजारच असेल तर या एका फेरीने काही बिघडत नाही. परत आल्यावर नवा टाक. फक्त त्याला हात लावू नकोस, धुऊ-बिऊ नकोस.

देवरुखी (७:४९)
धुतलाय.

पांढरा धूर (७:४९)
🙏

देवरुखी (७:५२)
काकांचा प्रतिसाद यायच्या आधीच धुतला, त्यांचा दोष नाही. पेट्रोलमध्ये बुडवून टायरवाल्याकडे हवा मारून आणली. एका जागी घडी सुटल्यासारखी दिसतेय. चालेल का? इथल्या दुकानात नवा नाही, सोमवारी येईल म्हणतात.

मायक्रॉनमास्तर (७:५८)
नाही. उकललेली घडी म्हणजे दार उघडं. सगळं ऑइल तिथूनच जाणार, उरलेला कागद शोभेला. आणि हवेने घाण निघत नाही, तंतूंमध्ये आणखी आत जाते. जाळीलासुद्धा हवेचा झोत मारायचा नसतो, तारा सरकतात.

रानगाडा (८:०३)
मग आता स्टीलचाच. मी म्हणतच होतो.

नटबोल्ट (८:०८)
थांब. @देवरुखी, दोन्ही फिल्टर शेजारी उभे ठेव आणि उंची मोज. व्हर्नियर नसेल तर सपाट फरशीवर ठेवून वर पट्टी आडवी धर. मग आतल्या भोकाचा व्यास. जाळी टोकाच्या झाकणाला कशी जोडलीय तेही बघ. चिकटवलीय की दाबून बसवलीय?

देवरुखी (८:२१)
पट्टी तिरकी राहतेय. स्टीलचा बुटका आहे, दीड-दोन मिलिमीटर असेल. जोडणीला पिवळट गोंदासारखं काहीतरी आहे. पाकिटावर गाड्यांची नावं दहा-बारा लिहिलीत, त्यात क्लासिकही आहे.

नटबोल्ट (८:२६)
मग तुझ्या मेकॅनिकचं नको म्हणजे नकोच बरोबर. दोन मिलिमीटर बुटका म्हणजे टोकं घट्ट बसत नाहीत, ऑइल फिल्टरमधून जाण्याऐवजी बाजूने वळसा घालून जाणार. ३५ मायक्रॉन की १५, हा वाद तिथेच संपला, कारण गाळण होतच नाही. यूसीईचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबावर चालणारे, तिथे घाण गेली की टकटक सुरू होते. आणि क्लासिकला ऑइल प्रेशरचा दिवा नाही. काही बिनसलं तर कळणार फक्त कानाला.

रानगाडा (८:३१)
माझा चांगल्या कंपनीचा आहे, दाबून बसवलेला, मापात. स्टीलला सरसकट बदनाम करू नका.

नटबोल्ट (८:३३)
सरसकट नाही करत. हा एक करतोय.

उद्यमनगरी (८:४०)
भावा, जायचंय कुठं?

देवरुखी (८:४२)
कोल्हापूरलाच. आंबा घाटाने. परवा बहिणीचा साखरपुडा आहे. आई-बाबा आधीच गेलेत, मी गाडीवर येतो म्हणून मागे राहिलो.

उद्यमनगरी (८:४६)
आरं मग एसटीनं ये की! बुलेटचा फिल्टर कोल्हापुरात मिळंना असं हुईल व्हय? शिवाजी उद्यमनगरात शिर, ज्या दुकानात म्हणशील तितं. येताना त्यो धुतलेला फिल्टर घिऊन ये, मापाला बरा पडंल. लगीन नव्हं, साखरपुडा हाय, वरात काढायची नाय बुलेटवरनं.

गिअरवाली ताई (८:५०)
+१. आणि उघड्या कव्हरवर स्वच्छ फडकं बांधून ठेव. अंगणात मांजर असेल तर जास्तच. ड्रेन प्लग (ऑइल सोडायचा बोल्ट) हाताने लावून ठेव, नाहीतर तो हरवेल आणि दुसरा धागा काढशील.

स्पोकवाले (८:५५)
एअर फिल्टरचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

देवरुखी (रविवार, रात्री ९:१०)
आलो परत. सकाळची एसटी पकडली, साखरपुड्याला वेळेत पोचलो. फिल्टर उद्यमनगरात दुसऱ्याच दुकानात मिळाला, पाकिटात ओ-रिंगसकट. दोन घेतले. आज संध्याकाळी बसवला. ओ-रिंगला ऑइलचं बोट फिरवून मग कव्हर, बोल्ट आलटून पालटून. सुरू केल्यावर तीन-चार सेकंद टकटक झाली, पोटात गोळा आला, मग शांत. पाच मिनिटांनी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून इंजिनावरच्या काचेत ऑइल बघितलं, मधोमध आहे. मेकॅनिकला सांगितलं तर म्हणाला, “बोललो होतो.”

नटबोल्ट (९:१८)
टकटक ठीक आहे, कोरडी जागा भरायला वेळ लागतो. उद्या एकदा कव्हरखाली पुठ्ठा टाकून ठेव, थेंब पडतोय का बघ.

मायक्रॉनमास्तर (९:२६)
तो धुतलेला फिल्टर टाकू नका, कापून फोटो टाका.

हिरो_नंबर_१ (९:३१)
माझी वाटी उघडली. आत काळं मेण निघालं, अर्धा चहाचा चमचा. मेकॅनिकने फोटो काढून घेतला.

रानगाडा (९:४०)
@देवरुखी, स्टीलचा विकणार का? २०० ला घेतो. व्यनि (खासगी निरोप) कर.

देवरुखी (९:४४)
५००.

रानगाडा (९:४५)
बुटका आहे म्हणालास ना.