रामसेंचा सिनेमा 'महल'च्या शेजारी बसवायचा का? आमच्या शनिवारच्या बैठकीसाठी विचारतोय

नौपाड्याचा प्रेक्षक

नमस्कार मंडळी. आम्ही काही शाळासोबती महिन्यातल्या एका शनिवारी माझ्या घरी जमतो, एक जुना सिनेमा बघतो आणि मग जेवता जेवता त्यावर भांडतो. सिनेमा संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, एवढी एकच अट. 'महल', 'सायको', 'जाने भी दो यारों' अशी गाडी मस्त चालली होती. गेल्या वेळी मी रामसे बंधूंचा भुताचा सिनेमा 'पुराना मंदिर' लावला आणि सगळी बैठक विस्कटली. त्यातल्या सामरी या राक्षसाचा चेहरा दिसला तसे दोघं जण हसत सुटले. जेवताना विषय काढला तर एक मित्र म्हणाला, "भीती वाटली नाही ना? मग बोलायचं काय त्यावर?"

मला हे अजिबात पटलेलं नाही. 1984 मध्ये हा सिनेमा धो धो चालला. आडदांड अनिरुद्ध अग्रवालचा तो चेहरा बघून त्या वेळची पोरं रात्री एकटी मोरीत जायला घाबरायची, माझा मोठा भाऊ त्यातलाच. एवढ्या माणसांना जे भिडलं त्यात काहीच नसेल, असं कसं म्हणायचं? पण मित्राला उत्तर देताना माझ्याकडेही नेमके शब्द नव्हते.

तर प्रश्न असा: रामसेंचे सिनेमे 'महल'च्या यादीत ठेवायचे की त्यांची पंगत वेगळी मांडायची? आणि भीतीच्या सिनेमावर बोलायला सुरुवात नेमकी कुठून करायची? या शनिवारची मी महिनाभर वाट बघतो, त्यामुळे मनापासून विचारतोय.

नेरूळचा प्रकाशवाला

एकाच यादीत ठेवा, आणि शक्य असेल तर दोन्ही लागोपाठ दाखवा.

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे मला गोष्टीआधी उजेड दिसतो. 'पुराना मंदिर'मधला कुठलाही रात्रीचा प्रसंग घ्या. मागून निळा झोत, त्यात सोडलेला धूर, चेहऱ्यावर एका बाजूनं लाल किंवा हिरवा. आम्ही रंगमंचावर दिव्यापुढे रंगीत जिलेटिनचा कागद लावून जे करतो तेच. रात्र खरी वाटावी असा तिथे प्रयत्नच नाही. हातात पैसे थोडे, मग अंधार रंगवून काढायचा. आणि हे करणारी माणसं एकाच घरातली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, कुमार लिहायला. 1972 चा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, घरच्याच माणसांना हाताशी धरून उरकला होता. हे माहीत असलं की तो निळा झोत वेगळा दिसायला लागतो.

आता 'महल' बघा, 1949 चा. कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा, बॉम्बे टॉकीज या स्टुडिओत मुरलेला. तिथे अर्धी चौकट काळीच ठेवली आहे, अशोककुमारच्या हातातल्या उजेडापलीकडे काय आहे ते कळू द्यायचं नाही. आणि आवाज! 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीच्या ओळी लांबून येतात, मग जवळ येतात. तेव्हा हे यंत्रावर करायची सोय नव्हती. माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. ते अंतर खरं चाललेलं आहे. मी आजही ते ऐकताना हातातलं काम थांबवतो.

तुमच्या मित्रासाठी एक करून बघा. 'पुराना मंदिर'मधला एक प्रसंग आवाज बंद करून लावा, मग तोच प्रसंग पडदा झाकून नुसता ऐकवा. कुठलं अर्धं हसू आणतं आणि कुठलं अंगावर येतं, हे त्यांनाच सांगू दे. बोलणं तिथून आपोआप सुरू होईल.

कोपरीची वाचक

प्रकाशवाले दादा, तुमचं झोताचं म्हणणं मान्य. पण नुसती कारागिरी बघून रामसेंना पास करायचं हे मला नाही चालणार. तुमच्या बैठकीत दोघी जणी आहेत का? त्यांना विचारलंत का, त्यांना काय खुपलं ते?

'पुराना मंदिर'मधला शाप आठवा. मुंडकं आणि धड वेगळं करताना सामरी काय बोलतो? घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. पाप राजाच्या वैऱ्याचं, शिक्षा लेकीसुनांना, आणि घरचा पुरुष त्यावर उपाय काय शोधतो, तर मुलीनं कुणाच्या प्रेमात पडू नये! वर कॅमेरा तिला न्हाणीघरात गाठतो ते वेगळंच. मी हे हसण्यावारी नाही नेऊ शकत.

तरीही यादीतून काढू नका असंच मीही म्हणेन, कारण वेगळं आहे. त्याच्या शेजारी 2017 मध्ये लागलेला विशाल फुरियांचा 'लपाछपी' ठेवा. तिथेही गरोदर बाईच आहे, तिथेही घर बाळंतपणाभोवती दबा धरून बसलंय. फक्त आता भीती बाईच्या बाजूनं दाखवली आहे. चहूकडे ऊस, माणसाच्या डोक्यावरून जाणारा, पायवाट कुठे वळते ते दिसत नाही, आणि त्यात पूजा सावंत आठव्या महिन्याचं पोट सावरत पळते. उसात कधी शिरला असाल तर माहीत असेल, पात्यानं हात चिरतात आणि दोन सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. तिथे भूत आणायची फारशी गरजच पडत नाही. आणि ती भुतं कुणाची निघतात? जन्माला येऊ न दिलेल्या मुलींचा हिशेब आहे तो. उषा नाईकांनी जी बाई उभी केली आहे तिच्या गोड बोलण्याची मला सामरीपेक्षा जास्त दहशत बसली. याच दिग्दर्शकानं पुढे 2021 मध्ये त्याचा हिंदीत 'छोरी' केला, पण पहिला मराठीच बघा.

तेव्हा "भीती वाटली का" हा प्रश्न बैठकीत बंद करा. "ही भीती कुणाची?" असं विचारा. मग बघा, हसणारे दोघंही बोलतात की नाही.

आणि टॉवरमध्ये राहणारं कुणी असेल तर रामगोपाल वर्मांचा 2003 चा 'भूत' विसरू नका. एकही गाणं नाही. हवेली नाही, कंदील नाही. लिफ्ट, वॉचमन, भाड्याचा फ्लॅट. घोडबंदर रोडला नवीन घरात राहायला गेलेल्या माझ्या बहिणीनं तो मध्येच बंद केला होता.

खारघर रात्रपाळी

चर्चेचं वरचे दोघं बघतीलच, मी बघण्याचं सांगतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर भीतीचा सिनेमा लावू नका, बारीक आवाज सगळे मरतात. साधे दोन स्पीकर जोडा. पंखा बंद करा, ट्यूबलाइट बंद, फोन दुसऱ्या खोलीत. उशिरा येणाऱ्यांना आत घेऊ नका. 'सायको' 1960 मध्ये लागला तेव्हा त्याचा दिग्दर्शक हिचकॉकनं हाच नियम थिएटरांना घातला होता, सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. मध्य रेल्वे हे कारण चालणार नाही.

आणि रोमेरो या अमेरिकी दिग्दर्शकाचा 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' यादीत घ्या. नाव बदलताना पडद्यावर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, त्यामुळे तो अमेरिकेत पहिल्यापासून सगळ्यांसाठी खुला आहे. कमी पैशांत काय होतं हे रामसेंसोबत ताडून बघता येईल.

एक मराठी नाव कुणीच घेतलं नाही याचं मात्र वाईट वाटलं. वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा', 1976. ठाण्यात-पनवेलात एक हळद 'गोमू संगतीनं'शिवाय होत नाही, आणि नाचणाऱ्यांना पत्ता नसतो की ते गाणं भीतीच्या सिनेमातलं आहे. आशा काळे त्यात जी घाबरते ती बघायलाच हवी.

नौपाड्याचा प्रेक्षक

तिघांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं आमच्या ग्रुपवर टाकली. कोपरीच्या ताई, तुमचा मुद्दा वाचून आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली की तिला न्हाणीघराच्या प्रसंगालाच उठून जायचं होतं, पण बोलायचं नाही या अटीमुळे गप्प बसली. अट सिनेमा चालू असतानाची आहे, नंतरची नाही, हे मी आता सगळ्यांना स्पष्ट सांगितलंय, आणि पुढच्या वेळी पहिलं बोलणं तिचं.

पुढचा शनिवार 'लपाछपी'. त्याआधी दहा मिनिटं 'पुराना मंदिर'चा तो आवाज बंद-पडदा बंद प्रयोग. हसणाऱ्यांपैकी एकानं स्पीकर आणायचं कबूल केलं आहे. त्यानंतर 'हा खेळ सावल्यांचा' घ्यायचा विचार आहे. त्याची नीट दिसणारी, अधिकृत प्रत कुठे बघायला मिळते कुणाला ठाऊक असेल तर इथेच लिहा.