नवऱ्याला एडीएचडी आहे, आणि घरातली सगळी आठवण माझ्याकडे

प्रश्न:
माझ्या नवऱ्याला गेल्या वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, एडीएचडीचे (लक्ष टिकवणे आणि कामे लक्षात ठेवणे अवघड करणाऱ्या विकाराचे) निदान झाले. लग्नाआधी तासन्‌तास माझे बोलणे ऐकणारा हा माणूस आता माझे वाक्य संपण्याआधीच मनाने भलतीकडे पोहोचलेला असतो. परवा गॅसवर दूध ठेवून तो ‘दोनच मिनिटांत’ मेल पाठवायला गेला आणि मी घरी आले तेव्हा पातेले काळेठिक्कर पडले होते. पातेल्याचे काही नाही. पण विजेचे बिल, मुलीच्या लशीची तारीख, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळे मीच लक्षात ठेवायचे आणि वर ‘सारखी मागे लागतेस’ हेही ऐकायचे, याने मी थकले आहे. मदत कुठे मिळेल?

प्रतिसाद १:
मला स्वतःला एडीएचडी आहे. आमच्यापैकी अनेकांना वेळ ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ अशा दोनच कप्प्यांत कळते. त्याची सुरुवातीची तल्लीनता खोटी नसावी. नव्या गोष्टीवर आमचे लक्ष आपसूक खिळते, रोजच्या गोष्टीवर ते ओढून आणावे लागते. बायकोने आठवण केली की मला शाळेत उभे केल्यासारखे वाटे; मोबाइलच्या गजराचा मात्र राग येत नाही. म्हणून आम्ही बिले आणि गाडीची देखभाल ही दोन कामे पूर्णपणे माझ्याकडे घेतली. पहिल्याच महिन्यात दंड भरावा लागला, तरी तिने तोंड उघडले नाही. (हे तिला फार जड गेले, असे नंतर कळले.)

प्रतिसाद २:
मी समुपदेशक आहे. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने लक्ष सुधारू शकते, मात्र ते मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच घ्यावे लागते. आणि साचलेली नाराजी गोळीने उतरत नाही, त्यासाठी दोघांनी एकत्र समुपदेशन घ्यावे. प्रौढांमधील एडीएचडीचा अनुभव आहे का, हे समुपदेशकाला आधीच विचारा, नाहीतर ‘यांना तुमची पर्वा नाही’ एवढ्यावरच चर्चा अडकते. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. तुमच्या थकव्याबद्दल तुम्ही एकट्यानेही बोलू शकता.

मूळ प्रश्नकर्ती:
आभारी आहे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्यावर सोपवण्याचे धाडस अजून होत नाही. विजेच्या बिलापासून सुरुवात करते.