पहिली पाच वर्षं प्लांटवरच काढावीत का?

कपलिंग: नवीन इंजिनिअर पोरं विचारतात, केमिकल प्लांटवरची नोकरी घेऊ की डिझाइन ऑफिसातली. माझ्या मते पहिली पाच वर्षं प्लांटच, आणि तेही मेंटेनन्स. एका पंपाचं बेअरिंग सारखं जात होतं, आम्ही बदलत होतो, शेवटी एका जुन्या फिटरने फ्लँजचे, म्हणजे पाइप पंपाला जोडणाऱ्या चकतीचे, बोल्ट काढायला लावले तर पाइप टणकन बाजूला सरकला, म्हणजे पाइपच पंपाला ओढून धरत होता. बॉल बेअरिंगवर लोड दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं हे कॉलेजात पाठ होतं हो, पण तो लोड येतो कुठून ते कुठे माहीत होतं?

रात्रपाळी_नको: अजिबात पटत नाही. मी नऊ वर्षं काढलीत. पहिली दोन शिकलो, पुढची सात तेच पंप, तेच परमिट, तोच सकाळचा रिपोर्ट. इंटरव्ह्यूत विचारलं, एखादा हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहातली उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) किती मोठा लागेल याचा हिशेब स्वतः केलाय का, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री दोनला उठून ब्रेकडाऊन काढला की शाबासकी मिळते, आणि ज्याच्या एरियात ब्रेकडाऊन होतच नाही त्याला कोणी विचारत नाही, या हिशेबात माणूस नुसता धावायला शिकतो.

कंट्रोलरूम: धावण्याचं खरंय, पण प्लांटवर अनुभवी इंजिनिअर नसला तर काय होतं तेही बघा. इंग्लंडमधला फ्लिक्सबरोचा केमिकल प्लांट, 1 जून 1974. सहा रिअॅक्टरपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा-सहावा 20 इंची पाइपने जोडला. वर्क्स इंजिनिअर, म्हणजे प्लांटचा मुख्य मेकॅनिकल इंजिनिअर, आधीच सोडून गेलेला, जागा रिकामी. पाइपचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. दोनेक महिन्यांनी पाइप फुटला, 28 माणसं गेली.

रात्रपाळी_नको: हे उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं! पाइप बनवणारे, बसवणारे हात तिथे होतेच की. वाकड्या पाइपला दोन्ही टोकांना बेलोज (घडीदार लवचीक जोड), आत प्रेशर, मग तो पाइप वाकवायला जोर किती येईल हा हिशेब कोणी केला नाही. कमी पडलं ते डिझाइन.

कपलिंग: हे मात्र मान्य, असा विचार मी केला नव्हता. तरीपण तो हिशेब प्लांटवरच्याच माणसाने मागायला हवा होता ना, ऑफिसात बसलेल्याला त्या पाइपचा पत्ताही नसतो. मी पाच वर्षं म्हणालो ती एकाच युनिटवर असं नाही, दर दोन वर्षांनी युनिट बदलून मागा, आणि बिघडलेल्या प्रत्येक मशीनचं एक पान स्वतःच्या वहीत लिहा, काय तुटलं, का तुटलं, आकडे काय होते.

नवीन_शिफ्ट: मला प्लांटवर दीड वर्ष झालंय, रोटेटिंग इक्विपमेंटला, म्हणजे पंप-कॉम्प्रेसरसारख्या फिरत्या मशीनवर. साहेबांकडे नक्की काय मागू?

रात्रपाळी_नको: प्लांटमधल्या पुढच्या मॉडिफिकेशनच्या हॅझॉपला, म्हणजे काय काय धोके होऊ शकतात ते तपासायच्या बैठकीला, बसायला माग, मिनिट्स लिहायला का होईना. तिथे प्रोसेसवाले, इन्स्ट्रुमेंटवाले, ऑपरेटर सगळे एकाच पी अँड आयडीवर (पाइप आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर) भांडतात. मला ते आठव्या वर्षी मिळालं, तू आत्ताच माग. आणि जो बदल होईल त्याची कॅल्क्युलेशन घरी स्वतः करून बघ, मग डिझाइनवाल्यांच्या आकड्यांशी ताडून बघ. नाही जुळले तर त्यांना जाऊन विचार.