मदत हवी आहे : चकचकीत जीवाश्मांचे त्रिमितीय चित्रण

आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागातील छोट्या संग्रहालयात कच्छचे ज्युरासिक अमोनाइट (गुंडाळीदार शंखाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) आणि छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील, दख्खनच्या दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळाच्या थरांत सापडणारे वनस्पतींचे व गोगलगायींचे जीवाश्म असून, त्यांच्या त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर जतन करण्याचे काम मी हाती घेतले आहे. फिरत्या पाटावर नमुना ठेवून, दर पाच अंशांनी एक याप्रमाणे, तीन उंचींवरून छायाचित्रे घेतो, शेजारी मोजपट्टी ठेवतो आणि ही छायाचित्रे संगणकावर जुळवून प्रतिकृती तयार करतो. अमोनाइटचे खरबरीत कंगोरे यातून सुरेख उठतात.

अडचण आहे ती मोहगावच्या नमुन्यांची. हे गारगोटीसारखे सिलिकामय दगड दिव्याखाली चमकतात, चमक पाटाबरोबर जागा बदलते आणि प्रतिकृतीत तेथे खळगे पडतात. चमक झाकण्यासाठी पांढरी भुकटी फवारण्याचा सल्ला मिळाला, पण जुन्या नमुन्यांवर, त्यातही शाईने क्रमांक लिहिलेल्या बाजूवर, ती वापरण्यास मन धजावत नाही.

दिवे आणि भिंग या दोहोंवर ध्रुवीकरण फिल्टर (चकाकी रोखणारी गाळणी) लावून कोणी असे काम केले आहे का? शिवाय, जीवाश्म आणि भोवतालचा दगड दोन्ही सिलिकाचेच असताना सीटी स्कॅनमध्ये दगडाच्या आतले जीवाश्म फळ वेगळे दिसेल का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.