मदत हवी आहे: फक्त ग्राहक आयोगाच्या कामावर वकिलीत टिकता येईल का?

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते. सनद मिळाल्यापासून एकाच सरांकडे ज्युनियर आहे. दिवाणी दावे, मोटार अपघाताचे क्लेम आणि ग्राहक आयोगाची कामं असं सगळं बघते. आयोगाचं काम किरकोळ समजून माझ्याकडे आलं होतं. आता मला तेच पूर्णवेळ करायचंय, म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

ओढ लागली ती एका मेडिक्लेमच्या प्रकरणामुळे. एक निवृत्त एसटी वाहक, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालेलं. क्लेम नाकारताना कंपनीने कारण दिलं, मधुमेह आधीपासून होता आणि तो लपवला. काकांच्या पिशवीत प्रस्ताव अर्जाची झेरॉक्स सापडली. प्रश्न सगळे इंग्रजीत, चौकटींतल्या खुणा एजंटाच्या हातच्या, आणि खाली काकांची मराठी सही. डिस्चार्ज कार्डावर मधुमेह लिहिलेला, पण किती वर्षांपासून ती जागा कोरी. लपवल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची, आणि पॉलिसीच्या आधीच्या उपचाराचा एकही कागद त्यांनी दाखल केला नव्हता. तक्रार मंजूर झाली. तेव्हापासून वाटतं, मला हेच काम यावं आणि चांगलं यावं.

अडचण पैशाची आहे. बरेचसे क्लेम लाख-दीड लाखाचे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगाचं शुल्क नाही, त्यामुळे वकिलाची फीही नाममात्र असेल असं लोक धरून चालतात. काही जण म्हणतात, "मॅडम, मिळतील त्यातले टक्के घ्या." बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही आणि मला घ्यायचेही नाहीत. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्यात माणूस स्वतःची बाजू स्वतः मांडू शकतो. ते तसंच असायला हवं असं माझं ठाम मत आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, मग १९८६ चा कायदा आला. वकिलांचं पोट चालावं म्हणून हे सगळं झालं नाही. पण समोर कंपनीचे वकील जाडजूड लेखी कैफियत (तक्रारीला उत्तर) घेऊन उभे राहिले की एकट्या माणसाचा धीर सुटतो, हेही रोज बघते.

कायद्यात निकालाला ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने सांगितलेत. प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षं चालतात, आणि फी मात्र सुरुवातीला मिळाली तेवढीच.

त्यातच एका विमा कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या वकिलांच्या यादीत, येता का, अशी विचारणा झाली आहे. दर केसला ठरलेली फी, कामही नियमित. सर म्हणतात, घे, डोळे झाकून घे. मला ते पटत नाही. पॅनल घेतलं की त्या कंपनीचे पॉलिसीधारक मला कायमचे बंद, आणि मला तर त्यांच्याच बाजूने उभं राहायचंय.

तर, फक्त तक्रारदारांची बाजू घेऊन कोणी टिकलंय का? फी कशी ठरवता? आदेशानंतरच्या दरखास्तीचे (अंमलबजावणीच्या अर्जाचे) वेगळे पैसे सांगितले तर लोक दुखावतात का? बाहेरच्या जिल्ह्यांतली कामं घ्यावीत का?

प्रतिसाद १

ताई, मी तक्रारदारांचीच कामं करतो, आणि घर त्यावरच चालतं. पण फक्त मेडिक्लेमवर नाही चालणार.

२०१९ च्या कायद्याने झालेला एक बदल नीट बघा. आयोगाची मर्यादा आता मागितलेल्या रकमेवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची हद्द ५० लाखांपर्यंत. विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. म्हणजे कोल्ड स्टोरेज जळून कोटींचं नुकसान झालं तरी हप्ता ५० लाखांच्या आत असेल तर तक्रार तुमच्याच जिल्ह्यात. व्यापाऱ्याने विमा घेतला म्हणून तो ग्राहक नाही, हा मुद्दाही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निकाली काढला. बहुतेक विमा प्रकरणांत तो आता टिकत नाही. गोदाम, जिनिंग, बेदाणा, हळद, अशी कामं शोधा. त्यांची फी मिळाली की एसटीवाल्या काकांचं काम कमी पैशात करता येतं. मी तसंच करतो.

फी टप्प्याने घ्या: नोटीस, तक्रार दाखल, पुराव्याचं शपथपत्र, युक्तिवाद. दरखास्त आणि अपील वेगळं, आणि हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्या. लोक पैशाने दुखावत नाहीत, मागाहून कळलं की दुखावतात. कंपनी अपिलात गेली तर तिला निम्मी रक्कम भरावी लागते, हेही तेव्हाच समजावून सांगा. धीर येतो.

बाहेरची कामं जपून घ्या. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे फोन सगळीकडून येतील. पण रोजनामा (तारखेला काय झालं याची आयोगातली नोंद) रोज बघायला स्थानिक माणूस नसेल तर घेऊ नका. सामनेवाल्याचे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे, कैफियतीचे ४५ दिवस संपले आणि कैफियत आली नाही, तर त्याच तारखेला 'कैफियतीविना' आदेशाचा अर्ज हातात हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या २०२० च्या निकालानंतर आयोगाला ती मुदत वाढवता येत नाही.

पॅनलचं म्हणाल तर नको. तुमचं मन तिथे नाही हे लिहिण्यातच दिसतंय.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मोटार अपघाताची कामं मात्र इतक्यात सोडू नका. पहिली दोन-तीन वर्षं घरभाडं त्यातूनच निघेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हप्त्याच्या मुद्द्याचा या बाजूने विचारच केला नव्हता. आमच्याकडे कोल्ड स्टोरेज पुष्कळ आहेत, पण सर्व्हेअरचा (विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्याचा) अहवाल मी अजून नीट वाचलेला नाही. त्यातली नुकसानीची आकडेमोड कुठे आणि कशी तपासायची, कोणी नमुन्यादाखल समजावून सांगेल का? पक्षकाराचं नाव झाकलेला जुना अहवाल असेल तर फार मदत होईल.