फवारणी पंप आणि कटरचा कार्बोरेटर : सुईचे अनुभव सांगा

सोयाबीनवर अळी आणि पऱ्हाटीवर तुडतुडे दिसले की गावातले सगळे पंप एकाच आठवड्यात कोठ्यातून बाहेर निघतात. सुरू नाही झाला की पहिला हात जातो कार्बोरेटरच्या सुईवर. ती किती फेरे फिरवायची, कधी हातच लावायचा नाही, पेट्रोलात तेल किती मिली घालायचं, हे ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. आकडे द्या, अंदाज नको.

दारव्हा तालुक्यातून, पाठीवरचा २६ सीसी पंप

या पंपांना बहुतेक फ्लोटचा, म्हणजे खाली वाटी असलेला कार्बोरेटर असतो. त्यातल्या दोन सुयांची गल्लत करू नका. एक फ्लोटची, जी पेट्रोल आत येणं थांबवते. दुसरी स्लाइडला (केबलनं वर-खाली होणाऱ्या नळकांड्याला) लटकलेली लांब सुई, जी रेस वाढवली की वर सरकते.

पंप उभा असताना कार्बोरेटरातून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई बघा. वाटी काढा, कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनानं सुई बसेल, आणि पेट्रोल आत येतं त्या तोटीला सलाइनच्या स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंका. हवा जायला नको. फ्लोट बोटानं उचलला की जायला पाहिजे. बसलेली असतानाही हवा जात असेल तर सुई काढून तिचं टोक उजेडात फिरवा. झिजलेल्या टोकावर गोल वळ दिसतो, नखालाही लागतो. असली सुई पुसून चालत नाही, बदलावीच लागते. टोक गुळगुळीत असेल तर जागेत कचरा आहे, तो धुवून काढा.

लांब सुईवर खाचा असतात आणि एका खाचेत छोटी क्लिप. क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर घेतली की पेट्रोल कमी. सुरुवात मधल्या खाचेपासून करा. अर्ध्या रेसवर धूर जास्त आणि आवाज भरडा असेल तरच क्लिप हलवायची. पूर्ण रेसवरचं पेट्रोल मुख्य जेट (बारीक भोक असलेला छोटा तुकडा) ठरवतो, तिथं क्लिपचा फारसा उपयोग नाही. जेट साफ करायला स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. वायरीतला तांब्याचा एक बारीक केस पुरतो. नंतर जेट आभाळाकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे.

वरुडकडून, संत्र्याच्या बागेतला ब्रश कटर

कटरला वाटी नसते, रबरी पडदा असतो. दोन स्क्रू असतील तर एच म्हणजे पूर्ण रेसचा आणि एल म्हणजे मंद रेसचा. या स्क्रूंची टोकं म्हणजेच इथल्या सुया. दोन्ही हलक्या हातानं टेकेपर्यंत बंद करा, मग प्रत्येकी सव्वा फेरा उघडा. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. जोर देऊन आवळला तर सुईचं टोक आणि तिची जागा दोन्ही खराब होतात, मग कुठल्याच फेऱ्यावर सेटिंग लागत नाही.

नायलॉन दोरी लावलेली ठेवूनच सेटिंग करा. दोरीशिवाय रेस नको तितकी चढते. इंजिन तीन-चार मिनिटं गरम होऊ द्या. आधी एल फिरवत मंद रेस सर्वात जास्त होते ती जागा शोधा आणि तिथून अष्टमांश ते पाव फेरा उघडा. मग आयडल स्क्रूनं (एच-एलहून वेगळा, फक्त मंद रेस कमी-जास्त करणारा) रेस इतकी खाली आणा की कटरचं दोरीचं डोकं फिरायचं थांबेल. शेवटी एच : पूर्ण रेसवर आवाज थोडा फाटका, भरडा राहिला पाहिजे आणि गवतात घातल्यावर साफ झाला पाहिजे. मोकळ्यात एकदम कडक, सणसणीत आवाज ऐकायला बरा वाटतो, पण त्याचा अर्थ पेट्रोल कमी आहे. टू-स्ट्रोकला तेलही पेट्रोलातूनच मिळतं, म्हणून असाच चालवला तर पिस्टन पकडतो, म्हणजे जाम होतो.

गोल फिरणाऱ्या बॅरलच्या कार्बोरेटरला एकच सुई असते, बॅरलच्या मधोमध, केबलच्या जोडाखाली लपलेली. ती फिरवण्याआधी पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे लागतात ते मोजून लिहून ठेवा. उजवीकडे फिरवली की पेट्रोल कमी.

कारंज्याहून, थोडक्यात

दहा-पंधरा मिनिटं छान चालून पंप बंद पडतो? टाकीचं झाकण सैल करून सुरू करा. चालला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. सुईला हात लावू नका. आणि एअर फिल्टर! काळ्या मातीची धूळ आणि तेल मिळून त्याचा लेप होतो, इंजिन धूर ओकतं, आणि माणूस सुई बंद करत बसतो. मग फिल्टर धुतला की तेच इंजिन पेट्रोलाला उपाशी.

मानोऱ्याकडून, पेट्रोल आणि पडदा

पेट्रोल-तेलाचं प्रमाण २५:१ म्हणजे लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) तेल, ५०:१ म्हणजे २० मिली. सिरिंजनं मोजा, झाकणानं नको. तेल वाढवलं तर त्याच सुईतून पेट्रोल कमी जातं, म्हणजे प्रमाण बदललं की सेटिंगही पुन्हा बघावं लागतं.

आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. जुनं मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकीत घालू नका, कारण टाकीतला फिल्टर तळाचाच थर ओढतो. तुरीची शेवटची फवारणी झाली की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर उन्हाळ्याच्या उन्हात पेट्रोल उडून जातं आणि जेटमध्ये चिकट तेल उरतं.

कटरच्या कार्बोरेटरचा रबरी पडदा काढल्यावर हातात घ्या. मऊ, लोंबता पाहिजे. कागदासारखा कडकडत असेल तर बदला. बसवताना आधी गॅस्केट (जोडातली पातळ चकती), मग पडदा. त्याच्या खालची छोटी पट्टी वाकवू नका, उंची बिघडली की पेट्रोल एकतर वाहतं नाहीतर येतच नाही. कार्बोरेटरच्या दुसऱ्या बाजूला पेट्रोल ओढणारा पडदा (पंप) असतो, त्या बाजूचा क्रम मात्र उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पुन्हा दारव्हा

सुई कितीही उघडली तरी रेस आपोआप चढत असेल तर हवा शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या गॅस्केटच्या कडेला चालू इंजिनवर टू-टी तेलाचे चार थेंब सोडा, रेस बदलली तर गळती तिथंच. पेट्रोल शिंपडून कधीच तपासू नका, भडका उडतो. गॅस्केट ठीक असेल तर क्रँकचं सील (इंजिनच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) बघावं लागेल.

आणि भाऊ, सेटिंग करताना औषधाची टाकी तीनदा धुवून त्यात साधं पाणीच असू द्या. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. रेस वर-खाली करताना पंप तोंडाच्या उंचीवर फवारा मारतो.